चौथी ओळ

औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत ती उभी होती आणि पर्समधला फोन टिंग करून वाजला. आवाज ओळखीचा होता. असायलाच हवा, कारण ज्या ॲपच्या तपासणीपायी तिने इतकी वर्षं डोळे फोडले होते त्याच ॲपचा तो आवाज. लोकांना गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप. पण त्याच क्षणी तिच्या पुढच्या म्हाताऱ्या बाईंच्या पिशवीतही टिंग झालं, त्यांच्या पुढच्या मिशीवाल्या गृहस्थांच्या खिशातही झालं, आणि काउंटरच्या आत कुठेतरी दुकानदाराचा फोनही वाजला. गोळीची वेळ ज्याची त्याची वेगळी असते. सगळ्यांना एकदम टिंग व्हायचं काही कारण नव्हतं. तिने फोन काढला. पडद्यावर लिहिलं होतं:

जेवलीस का?
गोळी घेतलीस का?
दार लावून घे.
मी येतेच.

आता खरं सांगायचं तर सगळ्यात आधी तिला आनंद झाला. ओळी टिकल्या! चारच्या चार, एकीखाली एक, कुठे चिकटलेल्या नाहीत की एकमेकींच्या अंगावर चढलेल्या नाहीत. कित्येक महिने ती या एका दोषासाठी भांडत होती. चार ओळींत लिहिलेला मजकूर कंपनीच्या संगणकातून निघायचा तेव्हा चार ओळींत असायचा आणि लोकांच्या फोनवर पोचेपर्यंत त्याचा एकच लगदा व्हायचा. ऑफिसातली मुलं म्हणायची, अक्षर न् अक्षर पोचतंय ना, मग झालं तर. ती म्हणायची, चार ओळी लिहिल्या तर चार ओळी दिसल्या पाहिजेत. मुलं दोषाची नोंद बंद करायची, ती परत उघडायची. तिचं नाव त्यांनी एंटरताई ठेवलं होतं, की-बोर्डावरच्या त्या एंटर बटणावरून, आणि तिने ते नाव मुकाट्याने चालवून घेतलं होतं, कारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या बाईला हाक मारायला त्या मुलांना दुसरं काही सुचत नव्हतं. तर ओळी टिकल्या म्हणून ती रांगेत उभ्या उभ्या हसली. मग तिच्या लक्षात आलं की हा मजकूर इथे यायलाच नको होता. मिशीवाले गृहस्थ फोन डोळ्यांपासून लांब धरून दुकानदाराला म्हणत होते, “अहो, हे बघा काय! मला विचारतंय, जेवलीस का!” दुकानदार म्हणाला, “मलाही तेच. मी येतेच म्हणते. कोण येणारे देव जाणे, बायको घरी आहे माझी.” रांग हसली. पुढच्या म्हाताऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या चष्मा वर सरकवून वाचत राहिल्या, ओठ हलत होते त्यांचे, आणि वाचून झाल्यावर फोन त्यांनी पिशवीत टाकला नाही, हातातच धरून ठेवला.

ती औषध न घेताच निघाली. डॉक्टरांनी कालच तिला रक्तदाबाची पहिलीवहिली गोळी लिहून दिली होती, चिठ्ठी तशीच पर्समध्ये राहिली. रस्त्याने जाताना तिला वाटायला लागलं की ज्याच्या त्याच्या हातातल्या फोनवर तिच्याच ओळी आहेत. बसथांब्यावरच्या मुलीच्या, फूटपाथवर उन्हात बसलेल्या म्हाताऱ्याच्या, सिग्नलला थांबलेल्या गाडीतल्या माणसाच्या. एखादीचं आतल्या कपड्यांचं कपाटच कुणी भररस्त्यात उपडं करावं तसं तिला झालं. बरं, मजकूर तो काय, चार फुटकळ वाक्यं. कुणीही कुणाला विचारतं, जेवलीस का. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. तरी तिचे कान तापले होते, आणि चालताना ती मनातल्या मनात कुणाला तरी बजावत होती, हे तुमच्यासाठी नव्हतं हो, हे माझ्या आईसाठी होतं.

आईला ती हे रोज पाठवायची. दुपारी ऑफिसात डबा उघडायच्या आधी. सुरुवातीला ती एका दमात लिहायची, जेवलीस का गोळी घेतलीस का दार लावून घे मी येतेच, आणि आई संध्याकाळी तोंड फुगवून म्हणायची, “किती प्रश्न गं एकदम? मी काय परीक्षेला बसलेय? धाप लागते मला वाचताना.” म्हणून मग ती एकेक वाक्य एकेका ओळीवर लिहायला लागली. आईलाही तिने शिकवलं, हे बघ, हे वाकड्या बाणाचं बटण, हे दाबलं की खालची ओळ मिळते. आईला त्या वाकड्या बाणाचं भारी कौतुक. एका बोटाने, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, प्रत्येक प्रश्नासमोर येईल असं उत्तर ती लिहायची. जेवले. घेतली. लावलं. ये. चार ओळींना चार ओळी, आणि शेवटचा तो नुसता ‘ये’. दोन्ही बाजूंचं हे इतकं ठरून गेलं होतं की पुढे पुढे ती उत्तर वाचायचीही नाही, नुसता आकार बघायची. चार ओळी दिसल्या की सगळं ठीक आहे, जेवायला हरकत नाही. एकदा लावलं म्हणून लिहिलेलं असताना ती घरी पोचली तर दार सताड उघडं, आणि स्वयंपाकघरात परकं मांजर पातेल्यात तोंड घालून दूध पितंय. ती कडाडली, “लावलं म्हणून लिहिलंस ना?” आई पलंगावरून हललीही नाही. म्हणाली, “तू येतेच म्हणून लिहिलंस ना? मग परत उठून उघडणार कोण? माझे गुडघे काय तुझ्या बापाने भाड्याने दिलेत?” आणि दोघी हसत सुटल्या. मांजराने तेवढ्यात पातेलं संपवलं. हे आठवलं आणि रस्ता ओलांडता ओलांडता तिला हसू आलं, आणि समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने शिवी हासडली ती तिला ऐकूही आली नाही.

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. साधं दुखणं, मग मोठं दुखणं, मग दवाखाना, जसं सगळ्यांच्या घरी होतं तसं. त्यात कुणाची चूक नव्हती. पण त्यानंतर पहिल्यांदा कामावर आली त्या दुपारी डबा उघडायच्या आधी तिचा हात आपोआप फोनकडे गेला आणि चार ओळी लिहून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की पाठवायच्या कुणाला. तिने त्या पुसल्या. डबा तसाच परत नेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एक दिवस ओळी चिकटण्याचा तो दोष तिच्याकडे तपासायला आला. तपासणीसाठी काहीतरी ओळी-ओळींचा मजकूर लागतो. बाकीचे लोक अशा वेळी अबक अबक लिहितात, नाहीतर आवडत्या खेळाडूंची नावं लिहितात. तिने या चार लिहिल्या. आणि तपासणीला जुना फोनही लागतो, नव्या फोनवर चालतं ते जुन्यावर चालेलच असं नाही, म्हणून तिने आईचा फोन घरून आणून टेबलाच्या खालच्या खणात ठेवला, चार्जरची वायर फटीतून आत सोडली, आणि चाचणीच्या गटात त्याचं नाव घातलं. तेव्हापासून दुपारी ती तपासणी म्हणून मजकूर सोडायची, खणात टिंग व्हायचं, ती खण उघडून बघायची. त्या जुन्या फोनवर ओळी नेहमी चिकटलेल्या यायच्या. ती वहीत ‘नापास’ अशी खूण करायची आणि मग डबा उघडायची. हे सगळं कामाच्या नावाखाली चाललं होतं त्यामुळे कुणी हटकलं नाही, आणि तिने स्वतःलाही कधी विचारलं नाही की एवढी तपासणी रोज कशाला लागते.

ऑफिसात शिरली तर नुसता गोंधळ. गोंधळ म्हणजे आरडाओरडा नव्हे, आरडाओरडा परवडला. सगळे आपापल्या पडद्याकडे बघत होते आणि कुणी बोलत नव्हतं. मधल्या टेबलावर तो मुलगा बसला होता, ज्याच्या कानांवर कायम ते मोठे हेडफोन चढवलेले असायचे म्हणून त्याला सगळे कानटोप म्हणायचे. आज हेडफोन गळ्यात लोंबत होते आणि चेहरा पांढरा पडला होता. तिला बघून तो उठलाच.

“एंटरताई, माझ्या हातून झालं,” तो म्हणाला. “काल रात्रीच तुमचा तो दोष काढला. म्हटलं सकाळी तुमचाच मजकूर एकदा पाठवून बघू. यादीत वर ‘सर्व’ आहे आणि खाली ‘चाचणी’. माझं बोट वरती पडलं.”

“ओळी टिकल्यात,” ती म्हणाली.

“काय?”

“चारही टिकल्यात. मी बघितलं, दुकानात.”

“तुम्हाला त्याचं पडलंय? माझी नोकरी जाईल इथे.”

पर्स ठेवायला म्हणून ती आपल्या टेबलाशी वाकली आणि वाकलीच आहे तर खण उघडला. आईच्या फोनचा पडदा उजळला. त्यावर कडेला जुन्या तड्याची रेघ होती, आणि त्या रेघेच्या आत, पहिल्यांदाच, चार ओळी चार ओळींसारख्या उभ्या होत्या. जेवलीस का. गोळी घेतलीस का. दार लावून घे. मी येतेच. किती महिने ती हे असं दिसावं म्हणून जिवाचा आटापिटा करत होती, आणि आता दिसलं तर तिच्या मनात आलं, झालं. आता तपासण्यासारखं काही उरलं नाही. आता उद्या दुपारी मी काय म्हणून पाठवू? या विचाराने तिला एकदम इतकं एकटं वाटलं की ती खुर्चीवर बसली आणि खण गुडघ्याने लोटून बंद केला, कुणी बघायच्या आत.

मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. कंपनीचं सगळं त्याच बघायच्या. वाईट बाई नव्हती, फक्त सगळ्या गोष्टी आटोपत्या घ्यायची घाई असायची. “हा मजकूर कुणाचा?” त्यांनी विचारलं. “चाचणीत असलं कोण लिहितं? मी येतेच काय! लोक विचारतायत कोण येतंय म्हणून.” “माझा आहे,” ती म्हणाली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. बहुतेक तिचं वय आडवं आलं. “बरं. हे बघा, दिवस मावळायच्या आत माफीचा संदेश गेला पाहिजे. चुकून गेलेला चाचणी-संदेश, कृपया दुर्लक्ष करावे, तसदीबद्दल क्षमस्व. संपलं. आणि तोवर ही उत्तरं बघा, शेकडो आलीत. तक्रार असेल ती तक्रारीत टाका, बाकीची सोडून द्या. कुणाला स्वतःहून उत्तर द्यायचं नाही, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं.”

ॲपमध्ये प्रत्येक आठवणीखाली एक चौकोन होता: काही सांगायचं आहे? गोळीने मळमळतंय, चक्कर येते, असलं काही लोकांनी कळवावं म्हणून. तिथे एरवी काळं कुत्रं फिरकत नसे. आज तिच्या पडद्यावर उत्तरांची रीघ लागली होती. एकेक उत्तर एकेका पट्टीत, सगळा मजकूर एका ओळीत ओढून बसवलेला, जेवढा मावला तेवढा दिसायचा आणि पुढे तीन टिंबं. ती वाचायला लागली. कोण तुम्ही राँग नंबर. माझी गोळी रात्रीची असते. हा काय चावटपणा. मग: जेवले घेतली लावलं. मग: हो. मग: आज उपाशीच आहे गं मन नाही. मग: घेतली पण तू कुणाची गं. ती थांबली. चहा आलेला गार झाला. हे लोक तिला उत्तरं देत होते. इतके महिने खणातल्या फोनवर ओळी सोडल्या आणि एक अक्षर परत आलं नाही, यायचंच नव्हतं. आणि आज हे कोण कुठले लोक, ज्यांना तिने विचारलंही नव्हतं, ते भडाभडा सांगत होते. तिला राग आला आधी. काय म्हणून देतायत उत्तर? ज्याच्या त्याच्या घरी कुणी नाही का विचारायला? आणि मग तिच्या डोक्यात आलं की नसेल. गोळीची आठवण माणसाने करून दिली असती तर त्यासाठी ॲप कोण घेतं. तिनेही तर कालच स्वतःच्या फोनवर स्वतःचं नाव घातलं होतं.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि बोटाने एक पट्टी दाखवली. “ही तक्रारीत टाका.” पट्टीत होतं: जेवलो. घेतली. दार उघडंच ठेवतो, उठायला वेळ लागतो. तुम्ही कोण ते कळलं… आणि तीन टिंबं. “तुम्ही कोण ते कळलं नाही म्हणतोय. तक्रारच ती,” मॅडम म्हणाल्या आणि गेल्या. तिने पट्टी तक्रारीत टाकली. पुढच्या उत्तरावर गेली. परत मागे आली. दार उघडंच ठेवतो. तिच्या डोळ्यांसमोर ते सताड उघडं दार आलं, मांजर आलं, आईचे गुडघे आले. कुणीतरी माणूस या क्षणी दार उघडं टाकून बसलाय आणि त्याला दार उघडं टाकायला आपण लावलंय. तिसऱ्या ओळीत आपण सांगितलं लावून घे, पण चौथ्या ओळीत येतेच म्हणालो, आणि येणारं माणूस असलं की दार कोण लावतं? चौथी ओळ तिसरीला खाते हे आईने तिला केव्हाच दाखवलं होतं. आई घरात होती तेव्हा त्याचा शेवट मांजरावर झाला. याच्या दारातून कोण आत येईल, काय सांगावं.

“अरे,” तिने कानटोपला हाक मारली, “ही उत्तरं पूर्ण दिसत नाहीत मला. आणि लोकांनी ओळी सोडल्या असतील तर त्याही दिसत नाहीत.”

“आपल्या बाजूचा पडदा तो, कोण बघतं,” तो मरगळलेल्या आवाजात म्हणाला. “यादी आटोपशीर दिसावी म्हणून मीच ओळी काढून टाकल्या होत्या.”

“काढून टाकल्या म्हणजे? गेल्या?”

“नाही, नाही. आहेत तशा ठेवल्यात आत. दाखवताना फक्त झाकतो.”

“मग झाकू नकोस.”

“आत्ता? एंटरताई, आज माझ्या डोक्यावर टांगती तलवार आहे आणि तुमचं आपलं ओळी, ओळी!”

“तुझ्या डोक्यावरची तलवार ओळी दाखवल्याने काही पडायची नाही,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की तो उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिने ती पट्टी दाखवली. त्याने वाचली, खांदे उडवले, मग जागेवर जाऊन की-बोर्डावर काहीतरी बडवलं. तो गार चहा पिऊन व्हायच्या आत तिच्या पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या थरथरल्या आणि खाली उलगडत गेल्या, घडी घातलेले कपडे कुणी झटकून दोरीवर टाकावेत तशा. शेकडो माणसांची उत्तरं आपापल्या ओळींत उभी राहिली. कुणी प्रत्येक प्रश्नासमोर उत्तर लिहिलं होतं. कुणी एकच शब्द लिहून पुढे चार ओळी नुसत्या रिकाम्या सोडल्या होत्या. लिहायचं होतं पण सुचलं नाही, की बोट वाकड्या बाणावर राहिलं, कोण जाणे. तिने ती पट्टी शोधली. तक्रारींत सगळ्यात वर होती.

जेवलो.
घेतली.
दार उघडंच ठेवतो, उठायला वेळ लागतो.
तुम्ही कोण ते कळलं नाही.

पण या.

त्या दोन शब्दांच्या आधी एक अख्खी ओळ रिकामी होती. त्या माणसाने ‘कळलं नाही’ लिहिलं, बटण दाबलं, थांबला, परत दाबलं, आणि मग लिहिलं. तिला ते थांबणं इतकं स्वच्छ दिसलं की जणू ती त्याच्या खोलीत उभी होती. कानटोप मागून वाचत होता. “हे तक्रारीत टाकलंत?” तो हळूच म्हणाला. “मॅडमनी सांगितलं.” “त्यांना पण ‘पण या’ दिसलं नसणार.” ती उठली आणि लॅपटॉप तसाच उघडा घेऊन केबिनमध्ये गेली. मॅडम माफीचा मजकूर फोनवर कुणाला तरी वाचून दाखवत होत्या. तिने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. मॅडमनी वाचलं. फोनवरच्या माणसाला म्हणाल्या, थांबा जरा. परत वाचलं. “याला कळवायला हवं,” ती म्हणाली. “हा दार लावणार नाही. आपण दुर्लक्ष करा म्हटलं तरी हा दार लावणार नाही, कारण त्यात दाराचं काही लिहिलेलं नाही.” “नियम आहे,” मॅडम म्हणाल्या, पण आवाजात मघाची घाई नव्हती. “असे किती निघतील, माहितीये तुम्हाला?” “म्हणून तर,” ती म्हणाली. मॅडमनी कपाळ चोळलं. खिडकीतून ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं. “माफीत दाराची ओळ घाला. सगळ्यांना जाऊ दे. आणि याला एकट्याला तुम्ही लिहा. एकदाच. मला दाखवू नका.” मग लॅपटॉप तिच्याकडे वळवता वळवता म्हणाल्या, “माझी आई पण अशीच दार उघडं टाकते हो. पाचशे मैलांवर आहे, मी काय करणार?” आणि लगेच फोनवर बोलायला लागल्या.

माफीचा संदेश गेला. कृपया दार लावून घ्यावे, ही ओळ तिने सगळ्यात वर, वेगळी ठेवली. कानटोपने या वेळी बटण दाबायच्या आधी यादी तीनदा वाचली, आणि तिलाही मोठ्याने वाचायला लावली. मग सगळे पांगले आणि ती त्या एका उत्तरासमोर बसून राहिली. काय लिहायचं? हा चाचणीचा भाग होता? मी तुमची कुणी नाही? तेही खरंच होतं. येते म्हणणं तर शक्यच नव्हतं. तिला वाटलं, सरळ उठावं, पत्ता काढावा आणि जावं. आणि मग त्या दारात उभं राहून काय सांगावं, तुमच्या गोळीची चौकशी चुकून झाली? खूप वेळ तिने लिहिलं आणि पुसलं. अखेर लिहिलं:

दार लावून घ्या.
मला यायला जमणार नाही. येते म्हटलं ते चुकून, तुम्हाला बसवून ठेवलं, माफ करा.

तुमची गोळी चुकली नाही ना?

पाठवलं. उत्तर आलं नाही. ऑफिस रिकामं झालं. निघताना तिने खण उघडला, आईचा फोन चार्जरवरून काढला आणि पर्समध्ये टाकला. आता चाचणी संपली होती, त्याला तिथे ठेवायला निमित्त उरलं नव्हतं. वाटेत औषधांचं दुकान उघडं होतं, तिने गोळ्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, “पाहिलंत का, माफी मागितली त्या लोकांनी. आमची बायको म्हणते, बरं होतं की, कुणी विचारत होतं ते.” ती म्हणाली, “हो का,” आणि सुटे पैसे न घेताच निघाली.

घरी येऊन तिने दार लोटलं, कडी लावली नाही. ही तिची खोड होती. आई गेल्यापासून झोपायला जाईपर्यंत ती दार नुसतं लोटून ठेवायची, का ते तिने स्वतःला सांगितलं नव्हतं. दिवा लावला. दोन्ही फोन टेबलावर ठेवले, आईचा आणि तिचा, शेजारी शेजारी. गोळ्यांची पट्टी ठेवली. जेवायचं म्हणजे काय, फ्रिजमध्ये कालचं काहीतरी होतं, ते गरम करायचं, उभ्या उभ्या चार घास गिळायचे. गेल्या तीन वर्षांत बहुतेक संध्याकाळी तिने तेवढंही केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका, घरी कुणी आहे ना बघायला? आणि तिने मान डोलावली होती. आता ती खुर्चीत बसली आणि तिला सपाट, कंटाळवाणं एकटं वाटलं, रडण्याइतकंही नाही. तो माणूस चिडला असेल. का चिडू नये? दुपारभर दाराकडे डोळे लावून बसवलं त्याला. किंवा कुणी त्याचा फोन त्याच्या हातून घेतला असेल. किंवा कुणी उघड्या दारातून आत आलं असेल. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. दाराबाहेर जिन्यावर कुणाची पावलं वाजली, वर गेली, कुठलंतरी दार उघडलं आणि बंद झालं.

टिंग. कंपनीच्या पडद्यावर आलेलं उत्तर तिच्या फोनवर वळवून ठेवायला तिने कानटोपला सांगितलं होतं, आणि त्याने कुरकुर न करता ते केलं होतं.

लावलं.
चुकली नाही, दुपारीच घेतली.
आज खूप दिवसांनी कुणी विचारलं, म्हणून वाट बघितली, बाकी काही नाही.

तुम्ही जेवलात का?

तिने ते वाचलं. परत वाचलं. मग फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. तीन वर्षांत हे वाक्य तिने किती वेळा लिहिलं होतं, किती जणांना गेलं होतं ते आज, आणि इतक्या दिवसांत कुणी तिला ते विचारलं नव्हतं. ती रडली, मोठ्याने, नाक ओढत, घरात कुणी नसताना माणूस रडतो तशी. मग डोळे पुसून तिने फोन उचलला आणि लिहिलं, जेवले. आणि थांबली. खोटं होतं ते. आईने लावलं म्हणून खोटं लिहिलं होतं, पण तेव्हा येणारं माणूस होतं आणि खोटं पकडायला मांजर होतं. या माणसाला खोटं सांगावंसं तिला वाटेना. त्याने दार लावलं होतं, खरोखर उठून लावलं होतं, उठायला वेळ लागत असूनही. तिने तो शब्द पुसला.

ती उठली. आधी जाऊन दाराची कडी लावली. मग फ्रिज उघडला, कालचं ते बाहेर काढलं, गॅस पेटवला, ताट घेतलं आणि खुर्ची ओढून नीट बसून जेवली, शेवटपर्यंत. गोळी घेतली, वर पाणी प्यायली. ताट धुतलं, हात पुसले. मग फोन घेऊन बसली आणि एका बोटाने, वाकड्या बाणाचं बटण दाबत, एकेका ओळीवर एकेक लिहिलं:

जेवले.
घेतली.
लावलं.